वेगवेगळ्या उद्योगांत निर्णय घेताना डेटा ॲनालिसिस खरंच एवढं महत्त्वाचं असतं का?

असतं, पण एका अटीवर. आकडा काय आला तर तुम्ही काय वेगळं कराल, हे आधी ठरलेलं हवं. विक्री घसरली काय किंवा वाढली काय, पुढची ऑर्डर तेवढीच जाणार असेल तर त्या रिपोर्टवर कुणाचाही वेळ घालवू नका.

उद्योग बदलला की शब्द बदलतात, चुकण्याची जागा बहुधा तीच राहते. शीटमध्ये जे आहे त्याचं गणित सगळेच करतात. जे नोंदलंच गेलं नाही ते फार थोडे लोक शोधतात, आणि माझ्या मते ॲनालिसिसची खरी किंमत त्या शोधातच आहे.

रिटेलचं उदाहरण सविस्तर घेतो. समजा, एका वस्तूची ३० दिवसांची विक्री १८० नग. भागाकार केला, रोजचे ६. आता स्टॉकची नोंद शेजारी ठेवा: त्यातले १० दिवस माल संपलेला होता. म्हणजे १८० नग २० दिवसांत गेले, रोजचे ९. बिलिंग सॉफ्टवेअर त्या १० दिवसांपुढे शून्य दाखवतं. गिऱ्हाईक आलं नाही आणि माल नव्हता, हे दोन्ही शून्य दिसायला सारखेच. ६ च्या हिशेबाने मागवलं की माल आणखी लवकर संपतो, सरासरी आणखी खाली येते, आणि काही फेऱ्यांत चांगली खपणारी वस्तू न खपणाऱ्यांच्या यादीत जाऊन बसते. म्हणून सरासरी काढण्याआधी प्रत्येक दिवसाचा ओपनिंग आणि क्लोजिंग स्टॉक जोडा, क्लोजिंग शून्य असलेले दिवस वेगळे करा. दुपारीच माल संपला असेल तर त्या दिवशीची विक्री हा मागणीचा फक्त किमान आकडा असतो.

नाशवंत माल असेल तर सरासरीवरही थांबू नका. एक नग कमी पडला तर बुडणारा नफा आणि एक नग उरला तर होणारा तोटा, यांचं प्रमाण काढा. नफा तोट्याच्या तिप्पट असेल तर ३ ÷ (३ + १) = ०.७५. मग १०० दिवसांची मागणी चढत्या क्रमाने लावा आणि ७५ वा आकडा मागवा. सरासरीएवढाच माल ठेवला तर साधारण निम्म्या दिवशी तो कमी पडेल.

वैद्यकात हरवलेली गोष्ट अनेकदा एक अख्खा कॉलम असते. ब्रिटनमध्ये १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या मूतखड्याच्या अभ्यासात उघड्या शस्त्रक्रियेचं यश ७८ टक्के होतं, छोटं छिद्र पाडून खडा काढण्याच्या पद्धतीचं ८३. दोन्हीकडे ३५० रुग्ण. दुसरी पद्धत सरस वाटते ना? आता खड्याचा आकार लक्षात घ्या. लहान खड्यांत उघडी शस्त्रक्रिया ९३ विरुद्ध ८७ ने पुढे, मोठ्यांतही ७३ विरुद्ध ६९ ने पुढे. अवघड, मोठे खडे बहुतेक तिच्याच वाट्याला आले होते, म्हणून एकूण टक्केवारी खाली गेली. दोन शाखा, दोन सेल्समन किंवा दोन मशीन यांची तुलना करताना आधी हेच विचारा: दोघांना सारखंच काम मिळालं होतं का?

अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाच्या बाबतीत तर अख्खी उड्डाणंच हिशेबाबाहेर राहिली. २८ जानेवारी १९८६ च्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, थंडीमुळे रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी ओ-रिंग निकामी होतील का, यावर चर्चा झाली. ओ-रिंगना इजा झालेलीच उड्डाणं पाहिली तर तापमानाशी संबंध लागत नाही, कारण इजा थंडीत आहे आणि उबेतही. इजा न झालेली उड्डाणं त्यात मिळवली की चित्र पालटतं: ६३ अंश फॅरनहाइट किंवा त्याखालच्या चारही उड्डाणांत इजा, ६६ किंवा त्यावरच्या २० पैकी फक्त ३ मध्ये. त्या सकाळी हवा गोठणबिंदूच्या आसपास होती. तरीही उड्डाण झालं, यान फुटलं आणि सात अंतराळवीर गेले. आजही फक्त तक्रारी आलेल्या ऑर्डर तपासून कारण ठरवणं, हा त्याच जातीचा प्रकार आहे.

बँकिंगमध्ये विसरला जातो तो एकूण आकडा. समजा, १,००,००० व्यवहारांत १०० फसवे आहेत. मॉडेल ९९ टक्के फसवे पकडतं आणि चांगल्यांपैकी १ टक्क्यावर चुकून बोट ठेवतं. म्हणजे खरे ९९, खोटे इशारे ९९९. दर ११ इशाऱ्यांत साधारण एकच खरा. अशा मॉडेलवर थेट कार्ड ब्लॉक करू नये, ग्राहकाकडून खात्री करून घ्यावी.

कारखान्यात उलटी चूक होते: प्रत्येक लहान फरकावर मशीनचं सेटिंग हलवतात, त्याने चढउतार वाढतोच. २० ते २५ नमुना-गटांवरून कंट्रोल चार्ट (मोजमापं क्रमाने आणि मर्यादारेषांसह दाखवणारा आलेख) बनवा आणि ३ सिग्माची (सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांची) मर्यादा ओलांडली किंवा ठरलेला पॅटर्न दिसला तरच हात लावा.

सुरुवात करायची तर वारंवार घ्यावा लागणारा एकच निर्णय निवडा. कोणता आकडा ओलांडला की काय करायचं, ते शीट उघडण्याआधी लिहा. मग ५० ओळी मूळ बिलांशी हाताने ताडून पाहा. एकच बिल दोनदा चढलेलं, डझन आणि नग एकाच कॉलममध्ये, रिकामी जागा शून्य म्हणून वाचली गेलेली, हे तिथेच सापडतं. ५० पैकी ४-५ ओळी चुकीच्या निघाल्या तर ॲनालिसिस थांबवा आणि आधी नोंदी करण्याची पद्धत सुधारा.