कयाकसाठी पॉलिसीवर कर्ज काढू का?

प्रश्न: वय 46, मुलुंडला राहतो, महिन्याला हातात 95 हजार येतात. पत्नी गृहिणी, मुलगी दहावीत, गृहकर्ज 38 लाख बाकी. लाकडी सी कयाक (समुद्रात वल्हवायची अरुंद होडी) स्वतः बांधायची आहे. परदेशी किट वाहतूक, कस्टम्स धरून सव्वादोन लाखांना पडतो. साडूंकडून घेतलेल्या एंडोमेंट (विमा अधिक बचत) पॉलिसीवर दोन लाख कर्ज काढू का? विमा 12 लाख, हप्ता वर्षाला 90 हजार, 15 वर्षांपैकी 6 हप्ते भरले. शेवटी 30 लाख मिळणारच आहेत. दुसरा विमा नाही. दोन वर्षांपासून शुगरची गोळी चालू आहे.

उत्तर: कर्ज काढू नका. साडेनऊ टक्क्यांच्या आसपास व्याज भराल, तेही सव्वाचार टक्के देणाऱ्या पॉलिसीवर.

हो, सव्वाचारच. हे 30 लाख कुठून आले? विम्याच्या दर हजारामागे 40 रुपये बोनस धरला तर वर्षाला 48 हजार, 15 वर्षांत सव्वासात लाख. त्यात विम्याचे 12 मिळवा: 19 लाख. हाच हप्ता पीपीएफमध्ये 7.1 टक्क्यांनी 24 लाख झाला असता. 30 चा आकडा पॉलिसीच्या कागदावर कुठे छापलाय, ते साडूंना दाखवायला सांगा. मुलीचं शिक्षण त्या आकड्यावर बेतू नका.

पण खरी काळजीची गोष्ट तुम्ही विचारलेलीच नाही. उद्या तुम्हाला काही झालं, तर 12 लाख आणि बोनस येईल आणि बँक 38 मागेल. मुलुंडचं घर विकायची पाळी तुमच्या पत्नीवर येईल. एक कोटीचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) आत्ता घ्या, याच आठवड्यात अर्ज करा. शुगरमुळे हप्ता चढा लागेल, वर्षाला 40 हजार धरा. फॉर्मवर गोळी लपवू नका, नाहीतर क्लेम अडकेल. टर्म पॉलिसी हातात पडली की जुनी पेड-अप करा, म्हणजे हप्ते थांबवून ती मुदतीपर्यंत तशीच ठेवा. सरेंडर, म्हणजे मोडून पैसे घेणं, नको: आज अडीच-तीन लाख मिळतील, थांबलात तर मुदतीला साडेसातच्या घरात.

म्हणजे वर्षाला 50 हजार सुटतील. त्यात दिवाळीचा बोनस घाला आणि कयाक जरूर बांधा, पण किट नको. त्यातले महागडे कापीव तुकडे म्हणजे शेवटी 4 मिमी प्लायच्या तीन-चार शीट. नुसते प्लॅन विकत घ्या, मरीन प्लाय इथेच घ्या. पट्ट्या कापून कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने टाके घालायचे, सांध्यांत लाकडाचा बारीक भुसा कालवलेली इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन) भरायची, वर फायबरग्लासचं कापड. 90 हजारांत बसेल. पैसे वाचवायला पॉलिस्टर रेझिन वापरू नका, ते लाकडाला नीट धरत नाही. इपॉक्सीचं काम पावसाळ्यानंतरच. दमट हवेत थरावर मेणचट साय येते आणि पुढचा थर चिकटत नाही. 17 फुटी कयाक लिफ्टमध्ये मावणार नाही, तेव्हा पार्किंगमधल्या जागेची सोसायटीकडून लेखी परवानगी प्लाय आणण्याआधी घ्या.

आणि पेड-अपचा अर्ज साडूंच्या हाती देऊ नका. स्वतः शाखेत जा, पोच घ्या.