लुआंग प्राबांगमध्ये पहिल्या दिवशी सुरुवात कुठून करावी?

लाओसमधील लुआंग प्राबांग येथे तुम्ही एकटेच जाणार आहात, हाताशी दोनच दिवस आहेत आणि ओळखीचे कोणी नसलेल्या त्या लहानशा शहरात पोहोचल्यावर सुरुवात कुठून करावी, असे तुम्ही विचारले आहे. माझे लहानपण नाशिकच्या पंचवटीत गेले, त्यामुळे माझे उत्तर नदीपासून सुरू होते. सामान खोलीवर ठेवा आणि पाहण्याच्या ठिकाणांची यादी काढण्याआधी नदीकाठाने जुन्या शहराला एक फेरी मारा.

नाशिकच्या तपोवनातला कपिला-गोदावरीचा संगम ज्याने पाहिला आहे, त्याला या शहराची ठेवण चटकन समजते. मेकाँग आणि नाम खान या नद्या जिथे मिळतात, तिथे दोन्ही पाण्यांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर जुने शहर वसले असून त्याच्या मधोमध फूसी ही सुमारे १०० मीटर उंचीची टेकडी आहे. मी राजधानी व्हिएनतियानहून रेल्वेने दोनेक तासांत पोहोचलो आणि शहराबाहेरच्या स्थानकावरून व्हॅनने गावात आलो, तेव्हा दिवस मावळत होता आणि फोनला नेटवर्क मिळत नव्हते. क्षणभर मनात भीती दाटली, हे मान्य करतो. पण सूर्य मावळतो ती बाजू मेकाँगची, पाठीशी टेकडी आणि टेकडीपलीकडे नाम खान, एवढे ध्यानात घेऊन मी चालत राहिलो आणि काही वेळाने माझ्या मुक्कामाची गल्ली सापडली. तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहण्याची सवय पहिल्याच संध्याकाळी लावून घ्या.

नाम खानवर कोरड्या दिवसांत बांबूचा पूल बांधतात आणि पावसाळ्यात पाणी चढू लागले की तो काढून घेतात. गोदेला पूर आला की नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठपर्यंत चढले, हे पाहायला धावणाऱ्या आपल्या नाशिककरांना नदीच्या मर्जीने चालणारे हे जगणे परके वाटणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे भिक्खूंची भिक्षाफेरी असते. ती जरूर पाहा, पण दान देणार नसाल तर रस्त्याच्या पलीकडे शांत उभे राहा, खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या आणि फ्लॅश वापरू नका. रामकुंडावर विधीला बसलेल्या कुटुंबाच्या तोंडासमोर कोणी कॅमेरा धरला, तर आपल्याला जे वाटेल तेच तिथल्या लोकांनाही वाटते.

भिक्षाफेरीनंतरची उरलेली सकाळ मात्र वाट शियेंग थोंग या मठासाठी राखून ठेवा. १५६० च्या सुमारास राजा सेट्ठाथिराट याने बांधलेल्या या मठाची छपरे जमिनीकडे खोल झुकलेली आहेत आणि मुख्य मंदिराच्या मागच्या भिंतीवर रंगीत काचांच्या तुकड्यांतून साकारलेला वृक्ष आहे. बहुतेक प्रवासी त्याचे छायाचित्र घेऊन परततात, हे मला फार खटकले, कारण आवारातच राजाच्या अंत्ययात्रेचा रथ ठेवलेली एक वेगळी इमारत असून तिच्या दर्शनी बाजूला रामायणातील प्रसंग सोनेरी कोरीवकामात आहेत. लाओ रामकथेचे नाव 'फ्रा लाक फ्रा लाम' असे आहे, म्हणजे त्यात लक्ष्मणाचे नाव रामाच्या आधी येते. ज्या गावाच्या नावाशीच शूर्पणखेच्या नाकाची कथा जोडलेली आहे, तिथून गेलेल्या माणसाने त्या फळ्यांसमोर घाई करू नये. मी तिथे तासभर थांबलो आणि ओळखीचे प्रसंग अनोळखी वेषभूषेत शोधत राहिलो. वेळ कमी पडलाच, तर कुआंग सी धबधबा सोडा, पण ही इमारत सोडू नका.