ग्राफिक डिझायनर व्हायचं म्हणतेस तर

पुणे

प्रिय मुली,

तू पाठवलेली सगळी कामं मी मोठ्या स्क्रीनवर नीट उघडून पाहिली. व्याख्यानमालेचं पोस्टर, मैत्रिणीच्या बहिणीची लग्नपत्रिका आणि त्या काल्पनिक कॉफी ब्रँडचे नमुने. सोबतच्या चिठ्ठीत तू दोन प्रश्न विचारलेस: यात करिअर होईल का, आणि कोणतं सॉफ्टवेअर शिकू? पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याकडे येतोच, पण आधी तुझ्या पोस्टरबद्दल बोलू दे. मला जे सांगायचंय ते बहुतेक सगळं त्या पोस्टरमध्येच आहे.

रंग छान निवडलेस. वक्त्यांचा फोटो डावीकडे घेऊन उजवी बाजू मोकळी सोडलीस, हे मला फार आवडलं. नवख्या माणसाला कागदाचा कोपरा न् कोपरा भरायची घाई असते, तुला ती नाही. पण त्यातला ‘विद्यार्थी’ हा शब्द बघ. अक्षरं जरा ऐसपैस दिसावीत म्हणून तू ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलंस. इंग्रजी कॅपिटल अक्षरांना ते शोभतं. आपली अक्षरं शिरोरेषेने एकमेकांना धरून असतात. अंतर वाढवलं की रेषा मध्येच तुटते आणि एका शब्दाचे तीन तुकडे होतात. त्याच्याखाली ‘दुसऱ्या दिवशी’ लिहिताना अर्धा र यायला हवा होता तिथे ‘या’च्या डोक्यावर रफार बसला आहे. आणि वक्त्यांच्या नावातली वेलांटी वरच्या ओळीतल्या उकारात घुसली आहे, कारण ओळींमधलं अंतर सॉफ्टवेअरने दिलं तेवढंच तू ठेवलंस. कॉफीच्या पाकिटावर मात्र इंग्रजी नावाचं एकेक अक्षर तू डोळ्यांत तेल घालून बसवलंयस. तिथे दोन अक्षरांमधली केसभर फटसुद्धा तुझ्या नजरेतून सुटलेली नाही.

तुझ्या नजरेत खोट नाही. तिला देवनागरी बघायला कुणी शिकवलेलंच नाही, एवढंच. कोर्सची पुस्तकं, यूट्यूबवरचे धडे, तयार टेम्प्लेट्स, सगळं रोमन लिपी गृहीत धरून चालतं. म्हणून आपल्याकडे इंग्रजीत झकास काम करणारी मुलं हजारोंनी मिळतात आणि मराठी मजकूर हातात आला की तीच मुलं गडबडतात. जाहिरातीच्या जगात तर आधी इंग्रजी डिझाइन मंजूर होतं, मग शेवटच्या दिवशी कुणीतरी सांगतं, ‘याचं मराठी करून टाक.’ रस्त्यावरच्या होर्डिंगवर ते ‘करून टाकलेलं’ मराठी तुला रोज दिसत असेल. मला त्याचा राग येतो, आणि तुलाही यावा असं मला मनापासून वाटतं.

तुझ्या करिअरची जागा नेमकी इथे आहे. पुस्तकं, दिवाळी अंक, पाठ्यपुस्तकं, मसाल्यांची पाकिटं, बँकांची ॲप्स, मेट्रोच्या पाट्या, वृत्तवाहिन्यांचे पडदे, नाटकाच्या जाहिराती. मराठी अक्षर नीट बसवणारा माणूस या सगळ्यांना हवा असतो आणि तो सहज सापडत नाही.

ही वाट काही नवी नाही. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला आणि तिथल्या खिळ्यांचं, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांचं, वळण पुढे देशभर नावाजलं गेलं. जोडाक्षर कुठे तोडायचं, मात्रा केवढी ठेवायची, हे प्रश्न त्या लोकांनी धातूत सोडवले. पुढे र. कृ. जोशींनी तेच प्रश्न संगणकावर हाताळले. विंडोजमधला ‘मंगल’ हा टंक, म्हणजे फाँट, त्यांच्या हातचा. मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवताना त्यांनी अक्षरावर जीव टाकणारी माणसं घडवली. कमल शेडगे यांनी नाटकांची नावं अशी काढली की वर्तमानपत्राच्या पानावर दुरूनच नाटकाची जात कळावी. विनोदी असेल तर अक्षरंच हसायची. नंतरच्या पिढीत गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांचा ‘मुक्ता’ आहे, ‘एक टाइप’ या टंक बनवणाऱ्या संस्थेचा ‘बलू’ आहे. ‘पॉपिन्स’ तर तू कॉफीच्या पाकिटावर वापरलाच आहेस. त्यात निनाद काळे यांनी काढलेली अख्खी देवनागरी आहे, ती उघडून पाहिलीस का? हे तिन्ही टंक मुक्त परवान्यावर फुकट मिळतात. डाउनलोड कर आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’, ‘ह्म’, ‘ष्ट्र’ तिन्हींत मोठे करून शेजारी शेजारी ठेव. एकाच अक्षराचा गुंता तीन जणांनी किती वेगळा सोडवलाय ते दिसेल.

आता शिकायचं कसं? आधी हाताने. बोरू किंवा कट निब घे, आलेखाचा कागद घे आणि रोज थोडी अक्षरं गिरव. तुला सुलेखनकार व्हायचंय म्हणून नव्हे. लेखणी एका कोनात धरली की जाड कुठे आणि बारीक कुठे हे मनगटाला कळतं, आणि मनगटाला कळलेलं पडद्यावर माऊसने काम करतानाही विसरत नाही. तू कोल्हापूरची. बाबूराव पेंटर आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवत, त्या गावची. जुन्या पेठांमधून हिंडून ब्रशने रंगवलेल्या दुकानांच्या पाट्यांचे फोटो काढून ठेव. फ्लेक्स आल्यापासून त्या झपाट्याने उतरतायत. अरुंद पाटीत लांब नाव बसवताना रंगाऱ्याने काना कुठे आत घेतलाय, उकार कुठे वळवलाय, ते बघ. एवढा मोठा वर्ग तुला दुसरीकडे फुकटात मिळणार नाही.

मग सॉफ्टवेअर. इलस्ट्रेटर, फोटोशॉप, इनडिझाइन आणि स्क्रीनच्या कामासाठी फिग्मा. पहिले सहा महिने इलस्ट्रेटर आणि इनडिझाइन पक्कं कर. प्रेसवाले अजून कोरलड्रॉची फाइल मागतात, तेही उघडता यायला हवं. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी कर: इनडिझाइनमध्ये परिच्छेदाचा कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवून ओळी लावणारी सोय, ‘वर्ल्ड-रेडी’ निवड. तो निवडला नाही तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षराच्या मागे जाऊन बसते. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदव. चांगल्या टंकांमध्ये एवढ्याने पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप येतो, नाहीतर हिंदी वळणाची अक्षरं येतात. मराठी पुस्तकात ती खुपतात. निदान मला फार खुपतात.

प्रकाशकांकडून मजकूर पुष्कळदा श्रीलिपी या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमधून येईल. जुन्या पद्धतीत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे टंक बदलला की पानभर अगम्य चिन्हं दिसतात. घाबरू नकोस, कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या संकेतात, करून घे. पण कन्व्हर्टरवर विसंबू नकोस. ‘ऱ्य’, ‘ॲ’ आणि अवतरणचिन्हं हमखास घसरतात, तेव्हा मूळ प्रत शेजारी ठेवून पुन्हा वाच. मुद्रितशोधकाशी गट्टी कर. डिझायनरला ऱ्हस्व-दीर्घाशी काय करायचंय, असं म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. शीर्षकातली चूक तुझ्या हातून छापली जाते आणि पाच हजार प्रतींवर राहते.

प्रेसमध्ये जा. हे मी जितक्या कळकळीने सांगतो तितकं दुसरं काही सांगत नाही. कोणत्याही ऑफसेट प्रेसच्या मालकाला विचारून एक दिवस मशीनजवळ उभी राहा. स्क्रीनवर लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशातून रंग बनतो. इथे सायन, मजेंटा, पिवळा आणि काळा अशा चार शायांचे ठिपके एकमेकांवर पडतात. मशीनमन पहिला ताव काढतो, भिंग लावतो आणि रजिस्ट्रेशनच्या खुणा जुळल्यात का, म्हणजे चारही रंग नेमके एकावर एक बसलेत का, ते बघतो. बारीक मजकुराचा काळा तू चार रंगांचा करून पाठवला असशील, तर एखाद्या रंगाची छपाईची प्लेट केसभर सरकली तरी प्रत्येक अक्षराला लाल-निळी किनार येते. म्हणून मजकुराचा काळा नेहमी एकाच प्लेटचा. तो ताव एकदा भिंगाखाली पाहिलास की हा नियम तुला पाठ करावा लागणार नाही. चारी बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाणारी जास्तीची रंगीत कड, का सोडायचं, तेही कटिंग मशीनखाली गठ्ठा सरकताना बघितलंस की समजेल. कागद हातात घेऊन बघ. सत्तर जीएसएमचा (जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागे कागदाचं वजन, ग्रॅममध्ये) साधा मॅपलिथो आणि एकशेतीसचा गुळगुळीत आर्ट पेपर यांवर एकच निळा दोन वेगळे रंग होतो.

शिक्षणाचं थोडक्यात सांगतो, कारण माहिती तुला सगळीकडे मिळेल. बारावीनंतर बीएफए या उपयोजित कलेच्या पदवीसाठी राज्याची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा आहे. मुंबईची जे. जे. उपयोजित कला संस्था, पुण्याचं अभिनव कला महाविद्यालय ही या क्षेत्रातली जुनी नावं. बी. डिझाइनसाठी आयआयटींची यूसीड आणि एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट, या प्रवेश परीक्षा. सगळ्या दे. नाही लागला नंबर तर भारी फी घेणाऱ्या चकचकीत संस्थेसाठी बाबांना कर्ज काढायला लावू नकोस. साध्या कला महाविद्यालयात राहून, वर सांगितलेलं सगळं करून, उत्तम डिझायनर झालेली माणसं मी ओळखतो. पोर्टफोलिओत दहा-बारा कामं पुरेत, आणि त्यातली निम्मी मराठी असू देत. काल्पनिक कॉफी सगळेच आणतात. तू तुझ्या गल्लीतल्या भडंगवाल्याचं पाकीट नव्याने कर, वाचनालयाच्या पाट्या कर, एका पानाचं एसटीचं वेळापत्रक असं कर की आजीला चष्मा न शोधता वाचता यावं. प्रत्येक कामासोबत लिही, अडचण काय होती आणि तू ती कशी सोडवलीस.

पहिली नोकरी कंटाळवाणी असेल. एका दिवसात सात-आठ ‘क्रिएटिव्ह’, म्हणजे जाहिरातीची छोटी चित्रं, बनवायचे, त्यातले चार सणाच्या शुभेच्छांचे. पगार बेताचा असेल. तरी दीड-दोन वर्षं अशा ठिकाणी काढ, जिथे कुणी वरिष्ठ तुझं काम लाल पेनाने तपासतो. अशी जागा कमी पगारावरही घे. नुसतं ‘लोगो मोठा करा’ म्हणणारी जागा जास्त पैसे देत असली तरी सोड. एआयबद्दल तू विचारलं नाहीस, पण धास्ती असणार. शुभेच्छांच्या पोस्ट आणि एकाच डिझाइनचे वीस आकार, ही कामं यंत्राकडे जाणार, जातायतही. तू ते वापर, चाचपणीसाठी ते कामाचं आहे. पण त्याने काढलेलं मराठी अक्षर न अक्षर तपासल्याशिवाय बाहेर सोडू नकोस. आणि ग्राहकासमोर बसून त्याला नेमकं काय हवंय हे काढून घेणं, प्रेसमध्ये रंग पास करणं, नावातली चूक पकडणं, याची जबाबदारी माणसानेच घ्यायची असते. पैसे त्या जबाबदारीचे मिळतात.

पैशांवरून आठवलं. घरी कुणी पैशाचं बोलायला शिकवत नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. स्वतंत्र काम घेतेस तेव्हा आधी लेखी कोटेशन दे: काय देणार, किती पर्याय, किती वेळा दुरुस्त्या, किती दिवसांत. निम्मी रक्कम आगाऊ घे, ओळखीच्या माणसाकडूनही. ‘एवढंसं तर आहे, दहा मिनिटांचं काम’ हे वाक्य ऐकलंस की हसून कोटेशन पुढे कर. मंजुरीआधी मूळ फाइल देऊ नकोस. ती हवी असेल तर त्याची किंमत वेगळी, आणि तसं कोटेशनमध्ये लिहिलेलं असू दे. नोकरीत केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. स्वतंत्र कामाचे हक्क मात्र सहसा लेखीच द्यावे-घ्यावे लागतात; पण कुणी पैसे देऊन काढून घेतलेलं चित्र किंवा फोटो असेल, तर वेगळा करार नसल्यास हक्क काम सांगणाऱ्याचा धरतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच्या चित्रासाठी करार करताना ‘फक्त या आवृत्तीसाठी’ की ‘सर्व आवृत्त्यांसाठी’ हे स्वच्छ लिहून घे. टंकही कुणाच्या तरी मेहनतीचा असतो. चोरीचा टंक वापरून स्वतःच्या हक्कांबद्दल बोलता येत नाही, तेव्हा विकतचा परवाना परवडेपर्यंत मुक्त टंकांवर काम कर.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला येणार आहेस असं तुझी आई म्हणाली. शनिवार पेठेतल्या ओळखीच्या प्रेसमध्ये त्या वेळी अंकांची गर्दी ओसरलेली असेल, म्हणजे मशीनमनला बोलायला सवड मिळेल. तुला तिथे घेऊन जाईन. त्याआधी ते पोस्टर दुरुस्त करून पाठव: शीर्षकाचं ट्रॅकिंग शून्य, ओळींमधलं अंतर वाढवलेलं, ‘दुसऱ्या’ नीट. आणि जेपीजी नको, इनडिझाइनची मूळ फाइल पाठव, टंकांसकट पॅकेज करून.

आईबाबांना नमस्कार.

तुझा,
काका