'हुकूमशहा' अकरा वेळा, कलम एकदाही नाही

प्रिय पोरी,

वादविवाद स्पर्धेच्या भाषणाचा तुझा मसुदा परवा रात्री मोबाइलवर आला. मोबाइलवर मला नीट वाचवत नाही, म्हणून सकाळी तहसीलसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली आणि लाल पेन घेऊन ओसरीत बसलो. चार पानांत 'हुकूमशहा' हा शब्द अकरा वेळा आलाय. मी मोजला. लोकशाहीचा गळा दोनदा घोटला गेलाय. आणि ज्या तरतुदीखाली अमेरिकेच्या अध्यक्षाला पदावरून काढता येतं, तिचा उल्लेख एकदाही नाही.

स्पर्धेचा विषय 'पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षांवर महाभियोग चालवावा' असा आहे आणि चिठ्ठीत तुला अनुकूल बाजू आली. तू फोनवर म्हणालीस, "काका, बाजू सोपी आलीय, राग तर सगळ्यांनाच आहे." घोळ तिथंच आहे. आधी निलंगा तालुक्यातल्या दोन गोष्टी सांगतो, अमेरिकेला मग जाऊ.

मी ग्रामसेवक असतानाची पहिली गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत. नऊ सदस्यांची ग्रामपंचायत. सरपंच कडक. पाणीपट्टी थकली की नळ तोडायचा, मग समोरचा भावकीतला असो की आमदाराच्या गाडीत फिरणारा. सहा सदस्यांनी तहसीलदारांकडे अविश्वासाची नोटीस दिली आणि त्याच रात्री ते गायब झाले. कुणी म्हणे गोवा, कुणी म्हणे तिरुपती. सभेच्या दिवशी सकाळी दोन जीपमधून थेट ग्रामपंचायतीच्या दारात उतरले. डोळे तांबडे, दोघांची डोकी भादरलेली. म्हणजे तिरुपतीच.

तहसीलदार अध्यक्षस्थानी, मी प्रोसिडिंग लिहायला. नोटिशीत कारण एकच, 'मनमानी कारभार'. साहेबांनी विचारलं, मनमानी म्हणजे नेमकं काय केलं? कुणी बोलेना. पंख्याचा तेवढा आवाज. मग एक म्हातारे सदस्य उठले. "साहेब, ह्यो माणूस रामराम घेत न्हाई." मी तसंच लिहून घेतलं. सहा विरुद्ध तीन, ठराव पास. आणि तो कायदेशीर होता, बरं का. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३५ खाली सरपंच दोषी असावा लागत नाही. सदस्यांचा विश्वास उडाला, एवढं पुरतं. (थेट निवडून आलेल्या सरपंचाचा ठराव आता ग्रामसभेपुढंही जातो. तेव्हा तसं नव्हतं.)

दुसऱ्या गावचा सरपंच लोकांचा लाडका. लग्नात वाढायला उभा, मयतीत पहिला खांदा त्याचा. त्याच्या काळात तीन बोअरची बिलं निघाली आणि शिवारात बोअर दोनच. तक्रार झाली, कलम ३९ ची, म्हणजे गैरवर्तन सिद्ध करून पदावरून काढायची चौकशी लागली. जिल्हा परिषदेची माणसं आली. मोजमाप पुस्तिका, कॅशबुक, मग सरपंचाला नोटीस, त्याचं म्हणणं, पुन्हा तारीख. सव्वा वर्ष गेलं. शेवटी तो पदावरून गेला तेव्हा बाया रडलेल्या मी पाहिल्या. तिसऱ्या बोअरच्या बिलावर माझीही सही होती, जागेवर न जाता केलेली. माझी एक वेतनवाढ बंद झाली. ती व्हायलाच पाहिजे होती.

आता चल अमेरिकेला. तिथल्या राज्यघटनेत अध्यक्षासाठी ३५ नाहीच. फक्त ३९ आहे.

हे आपोआप झालेलं नाही. १७८७ साली फिलाडेल्फियात घटना लिहिली जात होती, तेव्हा मसुद्यात महाभियोगाची कारणं दोनच होती, देशद्रोह आणि लाचखोरी. घटना लिहायला बसलेल्यांपैकी जॉर्ज मेसन म्हणाला, एवढ्यानं भागणार नाही. आणि त्यानं उदाहरण कुणाचं दिलं? वॉरन हेस्टिंग्जचं. बंगालचा गव्हर्नर जनरल होता तोच, पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या धड्यात तुला भेटलेला. त्याच्यावर तेव्हा इंग्लंडच्या पार्लमेंटात महाभियोगाच्या खटल्याची तयारी चालली होती. मेसनचं म्हणणं, हेस्टिंग्जनं केलं ते देशद्रोहात बसत नाही, म्हणून 'गैरकारभार' हा शब्दही घाला. तिथंच बसलेल्या जेम्स मॅडिसननं अडवलं. इतका सैल शब्द घातला तर अध्यक्ष सिनेटच्या, म्हणजे त्यांच्या संसदेच्या वरच्या सभागृहाच्या मर्जीवर जगेल, असं तो म्हणाला. मग मेसननं शब्द बदलला आणि 'इतर गंभीर गुन्हे व गैरवर्तन' असा मजकूर आला. कलम दोन, पोटकलम चार. म्हणजे 'रामराम घेत न्हाई' हे कारण त्यांनी त्याच दिवशी खोडून टाकलं. (हेस्टिंग्जचा खटला पुढं १७८८ पासून १७९५ पर्यंत चालला आणि तो सुटला. आपल्याकडच्या तारखांना उगाच नावं ठेवतात.)

पण खरी गाठ पुढं आहे, आणि तुझ्या मसुद्यात तिचा पत्ता नाही. कारण ३९ चं, पण निकाल द्यायला बसतात ते जीपमधून उतरलेले. प्रतिनिधीगृह, म्हणजे खालचं सभागृह, साध्या बहुमतानं आरोप ठेवतं, खटला सिनेटपुढं चालतो, अध्यक्षाचा असेल तर सरन्यायाधीश तिथं बसतात, पण मत सिनेटरांचं. दोषी ठरवायला दोन तृतीयांश लागतात, शंभर हजर असतील तर ६७. हे सगळे पक्षाचे लोक. प्रतिनिधीगृहाचा सदस्य असलेला जेराल्ड फोर्ड १९७० मध्ये एका न्यायाधीशाबद्दल सभागृहात सरळ बोलून गेला की, महाभियोगाला पात्र गुन्हा म्हणजे त्या क्षणी सभागृहाच्या बहुमताला जो वाटेल तो. चारच वर्षांनी अध्यक्ष निक्सन राजीनामा देऊन गेला आणि हाच फोर्ड अध्यक्ष झाला.

तू लिहिलंयस की 'तीन अध्यक्षांना महाभियोगानं घरी पाठवलं गेलं.' पोरी, हे वाक्य व्यासपीठावर बोललीस तर समोरचा तुला तिथंच खाईल. अमेरिकेत महाभियोगानं आजवर एकही अध्यक्ष पदावरून गेलेला नाही. आपल्या कानाला 'महाभियोग' हा शब्द शिक्षेसारखा वाटतो, पण तो आहे दोषारोप. अँड्र्यू जॉन्सन १८६८ मध्ये ३५ विरुद्ध १९ वर सुटला, एक मत कमी पडलं. क्लिंटनवर डिसेंबर १९९८ मध्ये आरोप ठेवले, फेब्रुवारी १९९९ मध्ये तो सुटला. ट्रम्पवर दोनदा, २०१९ आणि २०२१ मध्ये. दुसऱ्यांदा त्याच्याच पक्षाच्या सात सिनेटरांनी विरोधात मत दिलं, तरी ५७ च झाले. निक्सनवर तर सभागृहात मतदानच झालं नाही. न्यायव्यवहार समितीनं तीन आरोप मंजूर केले, त्याच्या स्वतःच्या बोलण्याची टेप बाहेर आली, स्वतःच्या पक्षाचे ज्येष्ठ नेते येऊन सांगून गेले की सिनेटमध्ये मतं उरली नाहीत. ९ ऑगस्ट १९७४ ला तो पायउतार झाला.

क्लिंटनचं प्रकरण मी रेडिओवर ऐकायचो. चौकात पानटपरीवर त्यावरचे विनोद चालायचे, ते तुला सांगण्यासारखे नाहीत. पण एक गोष्ट तेव्हापासून डोक्यात बसली. १२ फेब्रुवारी १९९९ ला शपथेवर खोटं बोलल्याचा आरोप असलेला अध्यक्ष खुर्चीवर कायम राहिला. १७ एप्रिल १९९९ ला आपल्याकडं वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं पडलं, आणि त्यांच्यावर आरोप असा कोणताच ठेवलेला नव्हता. आपला पंतप्रधान ३५ वर जगतो, त्यांचा अध्यक्ष ३९ वर. हे दोन महिन्यांतलं उदाहरण परीक्षकांपुढं ठेव. आपल्या राष्ट्रपतींसाठीही ३९ च आहे, घटनेचं कलम ६१. कारण एकच, घटनाभंग. प्रस्तावाला चौदा दिवसांची सूचना, सभागृहाच्या एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या आणि दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतं. आजवर एकदाही वापरलेलं नाही.

न्यायाधीशांच्या बाबतीत मात्र आपण हे जवळून पाहिलंय. ११ मे १९९३, लोकसभेत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रामस्वामींना हटवण्याचा प्रस्ताव, आणि अध्यक्षांच्या आसनावर आपल्या चाकूरचे शिवराज पाटील. न्यायाधीशांच्या समितीनं चौकशी करून बरेच आरोप सिद्ध झाल्याचं आधीच सांगितलं होतं. कागद पूर्ण होते. प्रस्तावाच्या बाजूनं १९६ मतं, विरोधात शून्य. तरी प्रस्ताव पडला, कारण सत्ताधारी बाकांवरचे २०५ जण कुणालाच मत न देता बसून राहिले. 'नाही' म्हणायची कुणाची हिंमत नव्हती आणि 'हो' म्हणायची इच्छा नव्हती. प्रतिपक्षाकडून 'मतंच नाहीत तर महाभियोग कशाला' असा प्रश्न येणार, हे धरून चाल. माझं मत विचारशील तर, मतं नसतानाही तो आणण्यात अर्थ असतो, पण एकाच अटीवर. कागद इतके स्वच्छ हवेत की समोरच्याला गप्प बसून राहण्याची लाज वाटली पाहिजे. १८६८ मध्ये तसं नव्हतं. जॉन्सन वाईट अध्यक्ष होता, मुक्त झालेल्या गुलामांच्या हक्कांच्या आड येत होता, पण आरोप मुख्यतः कशाचा, तर युद्धमंत्र्याला काँग्रेसच्या, म्हणजे त्यांच्या संसदेच्या, कायद्याविरुद्ध काढल्याचा. खरा राग एका गोष्टीचा आणि कागद दुसऱ्याच गोष्टीचा. तिथं खटला पातळ झाला.

आणि काम झालेलं उदाहरण हवं असेल तर दक्षिण कोरिया घे. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री अध्यक्ष यून यांनी मार्शल लॉ जाहीर केला. खासदार रात्रीच संसदेत पोचले आणि १९० जणांनी एकमतानं तो उठवायला लावला. ७ तारखेचा महाभियोग फसला, कारण सत्ताधारी पक्ष उठून गेला. १४ ला २०४ मतं पडली, त्यांत स्वपक्षातलीही होती. निकाल मात्र तिथं संसदेकडं नसतो, घटना न्यायालयाकडं जातो. ४ एप्रिल २०२५, आठ विरुद्ध शून्य, यून पदावरून दूर. पण सावध राहा, तोच देश प्रतिपक्षाच्याही कामाचा आहे. २००४ मध्ये तिथंच अध्यक्ष रोह यांच्यावर महाभियोग आणला, लोक चिडले, महिन्याभरात निवडणुकीत रोह यांच्या बाजूचा पक्ष बहुमतात आला आणि न्यायालयानंही त्यांना परत बसवलं.

प्रतिपक्षाचं सगळ्यात जड वाक्य असेल, 'लोकांनी निवडलं, लोकच काढतील.' याला हसू नकोस, मला स्वतःला ते अर्धं पटतं. माझ्या आजोबांनी निजामाचा काळ काढला. राज्यकर्त्याला काढायचं कलमच नव्हतं, १९४८ ला फौज यावी लागली. म्हणून मताच्या पेटीचं मोल आमच्या पिढीला फार. पण उरलेल्या अर्ध्यासाठी दोन गोष्टी विचार. गुन्हा निवडणूकच वाकवण्याचा असेल तर निवडणुकीपर्यंत थांबायचं कसं? आणि अमेरिकेत अध्यक्ष दोनदाच निवडून येतो. दुसऱ्या पाळीतल्या माणसाला लोक कुठल्या निवडणुकीत काढणार?

मसुद्याचं म्हणशील तर पान एक आणि दोन फेकून दे. तिसऱ्या पानावर तू एका आदेशाचा मुद्दा उचललायस, तोच धर. एकच कृत्य. तारीख काय, अधिकार कुठल्या कलमाचा, तो कसा ओलांडला, कागद कुठला. धोरण आवडलं नाही, भाषा घाणेरडी आहे, बाई म्हणून तुला चीड येते, हे सगळं खरं असेल, ते निवडणुकीच्या सभेत बोल. आणि स्वतःला एकदा विचारून बघ, हेच कृत्य तुझ्या आवडत्या नेत्यानं केलं असतं तर तू याच बाजूनं उभी राहिली असतीस का? मला उत्तर कळवू नकोस.

'हुकूमशहा' एकदा ठेवलास तरी चालेल, शेवटी. तोवर परीक्षकांच्या मनात तो शब्द आपोआप आला असेल तर तोही काढ.

नवा मसुदा घेऊन येळवशीला, वेळ अमावस्येला, शेतावर ये. काकू भज्जी आणि आंबिल करणार आहेच, आणि यंदा ज्वारी बरी आहे. लातूरहून सकाळची पहिली गाडी पकड, दुसरीला जागा मिळत नाही. मी प्रतिपक्ष होऊन बसतो, तू बोल. आणि येताना एक लाल पेन आण, माझं तुझ्या चार पानांतच संपलं.

तुझा,
काका