'मर्यादित संकेत' नको, 'नियमबद्ध' म्हणा

प्रश्न असा होता की माहितीसिद्धांतातल्या 'व्हेरिएबल-लेंथ कन्स्ट्रेन्ड कोड'ला मराठीत 'चल लांबीचा मर्यादित संकेत' म्हटलं तर चालेल का. (म्हणजे संदेशातल्या ० आणि १ च्या जागी वेगवेगळ्या लांबीचे तुकडे असे लिहायचे की तयार होणारी ओळ ठरावीक नियम पाळेल.) मला विचाराल तर 'संकेत' तेवढा ठेवा (संहिता कायद्याकडे राहू दे), बाकी दोन्ही बदला.

'मर्यादित' म्हटलं की कंपनीच्या पाटीवरचं मर्यादित आठवतं नाहीतर मर्यादित साठा, म्हणजे काहीतरी थोडंच आहे असं. इथे थोडं काहीच नाहीये, बिटांची ओळ हवी तेवढी लांब जाऊ दे, फक्त कोणाशेजारी कोण बसणार याचे नियम आहेत. आणि नियम कशाला, तर सीडीवर किंवा हार्डडिस्कवर १ म्हणजे पलटी (पृष्ठभागावरची खूण तिथे बदलते, ० म्हणजे आहे तशीच राहते), दोन पलट्या फार जवळ आल्या की एकमेकींत मिसळतात आणि बराच वेळ पलटी आलीच नाही तर वाचणाऱ्या सर्किटचं घड्याळ सरकतं, मधे शून्यं नऊ होती की दहा तेच कळेनासं होतं. म्हणून सीडीत दोन १ च्या मधे कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त १० शून्यं. 'प्रतिबंधित' तर नकोच, त्यात बंदीचा वास येतो.

खरं तर नमुना आपल्याकडे तयारच आहे, वृत्तबद्ध! वृत्तबद्ध कवितेला कोणी मर्यादित कविता म्हणत नाही. त्याच चालीवर नियमबद्ध संकेत.

आणि ही नुसती उपमा नाहीये बरं का. सगळ्यात साधा नियम घ्या, दोन १ शेजारी नकोत. मग ० साठी ० आणि १ साठी १० लिहायचं, झाला संकेत; ० आणि १० हे त्याचे दोन शब्द. ११०१ चं होतं १०१००१०, कसंही जोडा ११ येतच नाही, आणि वाचताना १ दिसला की पुढचं शून्य त्याचंच. आता ० ला लघु म्हणा नि १० ला गुरू, एक मात्रा आणि दोन मात्रा. चार मात्रांत काय काय बसतं? ००००, ००१०, ०१००, १०००, १०१०. पाच. पाच मात्रांत आठ, सहांत तेरा. हेमचंद्राने बाराव्या शतकात छंदांसाठी हेच मोजलं होतं, फिबोनाचीच्या १२०२ च्या पुस्तकाआधी. अशा वाढीवरून क्षमता, म्हणजे नियम पाळून जास्तीत जास्त किती माहिती मावते ते, कशी काढायची हे माहितीसिद्धांताचा जनक क्लॉड शॅननने १९४८ मध्ये दाखवलं, या नियमाला ती लिहिलेल्या दर बिटामागे सुमारे ०.६९४ येते, आणि आपला दोन शब्दांचा संकेत, ० आणि १ सारखेच येत असतील तर, ०.६६७ पर्यंत जातो. एवढ्याशा तक्त्याला भारीच की.

राहिलं 'चल लांबी'. त्यातून वाटतं एकाच शब्दाची लांबी बदलतेय, पण १० कायम दोनच बिटांचा. लांबी बदलत नाही, शब्दाशब्दाला वेगळी आहे, म्हणून 'असमान लांबीचा नियमबद्ध संकेत'.

फक्त लांबी आणि दर (मूळ बिटांच्या किती पट बिट लिहावे लागतात) यांची गल्लत नको. जुन्या हार्डडिस्कवरच्या दोन-सात संकेतात (दोन १ च्या मधे कमीत कमी २, जास्तीत जास्त ७ शून्यं) ११ चं १००० होतं आणि ०११ चं ००१०००, म्हणजे शब्द असमान पण दर बांधलेला, प्रत्येक वेळी बरोब्बर दुप्पट. आपल्या वरच्या ०-१० वाल्यात मात्र सगळे १ आले तर ओळ दुप्पट, सगळे ० आले तर आहे तेवढीच. तिथे 'चल दर' म्हणायला माझी हरकत नाही, तो खरंच संदेशागणिक बदलतो.