जिभेतून ओवलेली दोरी आणि पाट्यावरचा मका

प्रश्न : माया लोक म्हणजे मयसभा बांधणाऱ्या मयासुराचे वंशज, असं व्हॉट्सॲपवर वाचलं. खरं का? (नाशिक)

नाही. उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही. 'माया' या नावाचा संबंध मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पावरच्या मायापान शहराशी आहे, इंद्रप्रस्थाशी नाही. आणि मेक्सिको-ग्वाटेमाला भागातले हे मूळचे लोक संपलेले नाहीत. ग्वाटेमालाच्या २०१८च्या जनगणनेत शंभरातल्या जवळपास ४२ जणांनी स्वतःला माया म्हटलं. त्यामुळे माया बायकांबद्दलच्या खालच्या उत्तरांत 'होत्या' आणि 'आहेत' दोन्ही येतील.

प्रश्न : माया राजांबद्दल खूप वाचलं, राण्यांबद्दल काहीच नाही. राण्या नव्हत्या का? (सातारा)

होत्या, आणि डोळ्यांसमोर होत्या. माया शहरांतल्या शिलास्तंभांवर पायघोळ वस्त्रातल्या आकृती होत्या. अभ्यासकांनी त्यांना बरीच वर्षं पुरुष पुजारी समजून सोडून दिलं. १९६०च्या सुमारास अभ्यासक तातियाना प्रॉस्कुरियाकॉफ यांनी तारखांचा मेळ घालून दाखवलं, की हे कोरीव काम देवादिकांचं नसून राजघराण्यांचा इतिहास आहे आणि त्या पायघोळ आकृती बायकांच्या आहेत.

सातारकरांना नारांहो या माया शहराची गोष्ट चटकन कळेल. इ. स. ६८२ मध्ये दोस पिलास या दुसऱ्या माया शहराच्या राजाची मुलगी तिथे आली. अभ्यासक तिला 'सहा आकाश' राणी म्हणतात. ६९३ मध्ये पाच वर्षांचा मुलगा गादीवर बसला आणि कारभार हिच्या हातात आला. तिचा स्वतःचा राज्याभिषेक कुठेही कोरलेला नाही. पण एका स्तंभावर ती पायाखाली कैदी तुडवत उभी आहे, अगदी राजे उभे राहतात तशी. अज्ञान मुलाच्या नावाने राज्य हाकणाऱ्या ताराराणी याच्या हजार वर्षांनंतरच्या.

याश्चिलान या माया शहराची काबाल शोक ही राणी मला जास्त अस्वस्थ करते. तिच्या वास्तूच्या दाराची एक कोरीव तुळई आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. राजा मशाल धरून उभा. ती गुडघ्यांवर बसून काटे लावलेली दोरी जिभेतून ओढते आहे. रक्त खाली टोपलीतल्या कागदावर पडतं. रक्त देऊन देव-पितरांशी बोलणं हे राजघराण्याचं काम, आणि त्यात राणीचा वाटा होता. तिथेच तिच्या वस्त्राकडेही बघा. त्यावरची शंकरपाळ्याची नक्षी कारागिराने दगडात इतकी बारीक कोरली आहे, की विणकराला ती उचलता येईल.

प्रश्न : राण्यांचं सोडा. साध्या बाईचा दिवस कसा जायचा? (बार्शी)

मक्यात जायचा. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवायचे. सकाळी साल सुटते. मग चोळून धुवायचं आणि दगडावर वाटायचं. हा दगड आपल्या पाट्याचा भाऊच, फक्त बऱ्याचदा तीन पायांचा आणि पुढे उतरता. वरवंटा दोन्ही हातांनी ढकलायचा, गुडघे जमिनीला टेकून. चुना म्हटल्यावर आपल्याला पान-तंबाखू आठवते, पण इथे त्याचं काम मोठं आहे. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व एरवी अंगी लागत नाही, ते चुन्यामुळे मोकळं होतं. युरोपात मका पोचला, ही रीत मात्र पोचली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाचा आजार झाला. या ज्ञानाचा शिलालेख नाही. पाट्याशी बसणाऱ्या बायकांनी ते मुलींना दिलं, एवढंच. आता पुष्कळ गावांत गिरणी आहे. सकाळी बादलीत भिजलेला मका घेऊन बायका तिथे नंबर लावतात.

प्रश्न : कुमारिकांना विहिरीत बळी देत ना? (ठाणे)

युकातानमधल्या चिचेन इत्सा या जुन्या माया शहराच्या कुंडाबद्दलची ही कथा पर्यटकांना फार आवडते. कुंडातून निघालेल्या हाडांत पुरुष आहेत, बायका आहेत, लहान मुलंही बरीच आहेत. जवळच्या एका भूमिगत टाक्यातल्या ६४ बळींच्या जनुकांची तपासणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळे मुलगेच निघाले.

प्रश्न : मी विणकरांच्या घरातली. तिथल्या बायका अजून हातमागावर विणतात का? (सोलापूर)

विणतात, पण तो माग तुमच्याकडच्यासारखा खड्ड्यात बसवलेला नसतो. ताण्याचं एक टोक झाडाला किंवा खांबाला, दुसरं कमरेच्या पट्ट्याला. मागे रेललं की ताण वाढतो, पुढे झुकलं की सैल. म्हणजे मागाचा अर्धा सांगाडा ती बाईच. त्यावर 'वीपिल' या सैल झग्याचं कापड निघतं. नक्षीवरून बाई कुठल्या गावची ते ओळखू येतं, आणि ग्वाटेमालातल्या यादवीच्या काळात (१९६०–९६) नेमकी हीच ओळख जिवावर बेतायची. बाहेरचे व्यापारी या नक्ष्या यंत्रावर छापून विकतात, म्हणून ग्वाटेमालाच्या विणकर बायकांनी नक्षीवर सामूहिक हक्क मागत २०१६ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाचं दार ठोठावलं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत ग्वाटेमालातल्या सेपुर सारको गावच्या खटल्याचा निकाल लागला. १९८०च्या दशकात तिथल्या केक्ची या माया समाजातल्या बायकांच्या नवऱ्यांनी जमिनीचे कागद मागितले होते. सैन्याने नवऱ्यांना नाहीसं केलं आणि बायकांना तळावर राबवलं, त्यांच्यावर बलात्कार केले. तीस-पस्तीस वर्षांनी, म्हातारपणी, त्या कोर्टात आल्या. दोन आरोपींना १२० आणि २४० वर्षांची शिक्षा झाली. सुनावणीच्या दिवसांत त्या डोक्यावरून विणलेल्या रंगीत शाली ओढून, चेहरे झाकून बसत.