घर घेतोयस, पण त्यात कुणाकुणाचे पैसे आहेत?

प्रिय मित्रा,

पुण्यातल्या आंबेगावातला साठ लाखांचा टू बीएचके तुला आवडलाय आणि घरात वाद पेटलाय. बाबा म्हणतात, आम्ही पोटाला चिमटा घेऊन घर केलं, तुम्ही हॉटेलात पैसे उडवता. तू म्हणतोस, त्यांच्या वेळी जागा मिळत तरी होत्या. दोघांचंही खरं आहे. १९६१ च्या पानशेत पुरानंतर सहकारनगरसारखा भाग सहकारी सोसायट्यांतून उभा राहिला. साध्या पगाराचा माणूस सभासद होऊन घरापर्यंत पोचायचा. तुझ्यापुढे तो रस्ता नाही. म्हणून बाबांचे कष्ट कमी ठरत नाहीत, पण तुझं गणित नुसत्या काटकसरीने सुटणारं नाही.

गणितच मांडू. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच जाते, म्हणजे ४८ लाख. उरलेले १२ तुझे. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी, ३ लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला तो लागत नाही. एकूण साडेएकोणीस लाख हाताशी हवेत, आणि यात पंखे, ओटा, पडदे काहीच धरलेलं नाही. बरेचजण इथेच फसतात: १२ लाख जमले की बुकिंग करतात आणि मुद्रांक शुल्कासाठी पर्सनल लोन काढतात.

बाहेरचं खाणं बंद करून महिन्याला तीन हजार वाचले, तर वर्षाला छत्तीस हजार. त्या वेगाने साडेएकोणीस लाख जमायला चोपन्न वर्षं लागतील. बाबांना हा आकडा शांतपणे दाखव, जिंकायला नको. खरा फरक पडतो तो भाड्यात, गाडीच्या हप्त्यात आणि लग्नाच्या हॉलमध्ये. दरमहा तीस हजार बाजूला पडले तर ७ टक्के व्याजाने चार वर्षांत साडेसोळा लाखांच्या आसपास जमतात.

कर्ज घेण्याआधी हप्त्याची रंगीत तालीम कर. ४८ लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता साधारण ४१,६५० रुपये. पहिल्या हप्त्यातले ३४ हजार व्याजात जातात, मुद्दल फिटतं जेमतेम साडेसात हजार. सोसायटीचा मेंटेनन्स तीन हजार धर. आज भाडं अठरा हजार देतोस, तर वरचे सव्वीस-सत्तावीस हजार पगाराच्या दिवशीच आरडीत, म्हणजे बँकेच्या आवर्ती ठेवीत, जाऊ देत. सलग सहा महिने, गणपती आणि दिवाळी मध्ये येतील असे. एकदाही आरडी मोडावी लागली तर घर लहान बघ किंवा वर्षभर थांब. तालीम जमली तर पुढे बोनसमधून दरवर्षी एक जादा हप्ता भर. वीस वर्षांचं कर्ज सव्वातीन-साडेतीन वर्षं आधी संपतं. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो.

आता मला खरं बोलायचंय ते पुढे आहे. तू स्वतःची हौस मारलीस तर ती बचत. दुसऱ्याने तुझ्यासाठी काही सोडलं तर ते देणं आहे, आणि देणं कागदावर लागतं.

बाबांची ग्रॅच्युइटी घेणार असशील तर बँकेतून घे, रोखीने नको, आणि ती उसनी की भेट हे एका कागदावर लिही. उसनी असेल तर महिन्याला किती परत देणार तेही लिही. त्यांच्या औषधपाण्याचे पैसे फ्लॅटच्या भिंतीत अडकले तर गरजेच्या दिवशी वीट विकता येत नाही. होणाऱ्या बायकोचा पगार हप्त्यात जाणार असेल तर तिचं नाव करारनाम्यात आणि इंडेक्स टू वर, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या उताऱ्यावर, हवं. नुसतं सहकर्जदार केलं तर कर्ज तिचं, घर तुझं, असं होतं.

आणि गावची वडिलोपार्जित जमीन. ती विकायची म्हणून ताईकडून हक्कसोडपत्र घ्यायचं ठरतंय, 'तिला काय कमी आहे' असं म्हणत. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याचीही अट नाही. माहेर तुटू नये म्हणून बहिणी मुकाट्याने सही करतात. तू तिला तशी सही करायला लावू नकोस. जमिनीचा भाव, तिच्या वाट्याचा आकडा, तुझ्या घराचा हिशोब तिच्यापुढे ठेव आणि आई-बाबा समोर नसताना विचार. ती 'माझा वाटा दे' म्हणाली तर तो दे, आणि घर दोन वर्षं पुढे ढकल.

बिल्डरला नोंदणीकृत करारनामा होण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नकोस; रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या, कायद्याने तो ती मागूच शकत नाही. प्रकल्पाचा महारेरा नोंदणी नंबर महारेराच्या संकेतस्थळावर टाकून कार्पेट क्षेत्रफळ आणि ताब्याची तारीख स्वतः बघ.

ताईशी बोलून झालं की सातबारा आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट घेऊन ये. तारखा आपण एकत्र बसून ठरवू.

सप्रेम आशीर्वाद.